पिवळ्या कागदाचे दिवस

बहीण चार दिवस परगावी गेली आणि भाचीला नाचाच्या क्लासला सोडायचं काम माझ्याकडे आलं. क्लास टिळकवाडीत आहे, एवढंच बहिणीनं सांगितलं होतं. रिक्षा गल्लीत वळली, कोपऱ्यावरचं जांभळाचं झाड दिसलं आणि मला हसू फुटलं.

"मावशी, काय झालं?"

"काही नाही गं. ह्या बंगल्यात मी सहा वर्षं नोकरी केलीय."

"इथं? नाचाच्या क्लासमध्ये?"

तेव्हा तो क्लास नव्हता. तेव्हा तिथं आमची लॅब होती. पोलिसांनी सील करून पाठवलेल्या बाटल्या, बरण्या, कपडे, माती ह्या सगळ्याची तपासणी करणारी सरकारी प्रयोगशाळा, आणि तीही भाड्याच्या बंगल्यात. आता तिला स्वतःची मोठी इमारत आहे, गार खोल्या आहेत, आपणहून आकडे काढून देणारी यंत्रं आहेत, आणि त्यातल्या एका खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण मी ह्या कामाला लागले ती इथं, उजवीकडच्या ह्या लांबट खोलीत. खिडकीखाली आमचं विषांचं टेबल होतं. आता तिथं नटराजाची मूर्ती आहे आणि समोर दहा-बारा मुली ता थै ता थै करत उभ्या आहेत.

फरशीवर अजून तो डाग आहे. पांढऱ्या फरशीवरचा पिवळाजर्द डाग. क्लासच्या बाई म्हणाल्या, "कशानंच जात नाही हो तो. कुणीतरी हळद सांडली असणार." मी मान डोलावली. तो डाग माझ्या हातून पडला होता, आणि ती हळद नव्हती.

नोकरीला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. वडील शाळामास्तर, घर शहापुरात. रसायनशास्त्र घेऊन शिकले तेव्हा आईला वाटलं होतं, मीही मास्तरीण होईन. विष तपासायची नोकरी लागली हे तिनं शेजारी कुणाला सांगितलं नाही. "सरकारी हाफिसात आहे," म्हणायची. बरोबरच होतं ते.

त्या खोलीचे वास मला आजही एकेक करून ओळखता येतात. सकाळी दार उघडलं की स्पिरिटचा गार वास. मग ईथरचा गोडसर, डोक्यात जाणारा. दुपारी मेणबत्तीवर लाख वितळायची, तेव्हा देवळातल्यासारखा धुपकट वास यायचा. परत पाठवायच्या प्रत्येक बाटलीवर लाखेचा ठिपका आणि त्यावर पितळी शिक्का. ते काम मला फार आवडायचं. शिक्का उचलताना एक बारीक 'चट्' असा आवाज येतो. काचेच्या पट्ट्यांवर आम्ही पांढरा थर चढवायचो, त्यावर अर्काचे थेंब ठेवायचो आणि वरून औषध फवारलं की कुठं जांभळा, कुठं हिरवा, कुठं नारिंगी ठिपका उमटायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी "अय्या!" असं मोठ्यानं ओरडले होते. आमचे साहेब, हिरेमठ सर, धारवाडचे. त्यांचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं. चष्म्यावरून पाहात म्हणाले, "अम्मा, रंग छान आहे, खरं आहे. पण ते कुणाच्या तरी पोटातलं आहे, विसरू नको."

मी विसरले नाही. पण रंग छानच असायचे.

आणि तिथं कल्लाप्पा अण्णा होते. हुद्द्यानं लॅब अटेंडंट, गाव उचगाव. पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून, दूध घालून, सायकलनं बेळगाव गाठायचे आणि आमच्याआधी लॅबचं कुलूप उघडायचे. बाटल्या धुणं, पार्सलांची शिवण उसवणं, बर्नर पेटवणं ही त्यांची कामं. पण नवीन आलेल्या प्रत्येकाला हात कसा धरायचा, बाटलीत नाक घालायचं नाही, हातानं वारा घेऊन वास घ्यायचा, हे अण्णाच शिकवायचे. हिवाळ्यात, बेळगावच्या त्या धुक्याच्या सकाळी, ते डोक्याला मफलर गुंडाळून यायचे आणि पिशवीतून कधी ओल्या शेंगा, कधी रताळी काढायचे. विषाच्या खोलीत काही खायचं नाही हा नियम. म्हणून आम्ही सगळे मागच्या पायरीवर उन्हाला बसायचो, हिरेमठ सरसुद्धा. शेंगांची फोलपटं आणि जांभळाची वाळकी पानं. मला ती पायरी दिसते अजून.

त्या वर्षीचे ते दिवस मात्र माझ्या मनात पिवळे आहेत.

मृगात पडलेल्या पावसानं पुढे ओढ दिली होती. एका सोमवारी निपाणीकडच्या एका ठाण्याचे हवालदार, नाईक त्यांचं नाव, एसटीनं पार्सल घेऊन आले. धिप्पाड माणूस, मिशा पांढऱ्या. मांडीवर पिशवी धरून बसायचे म्हणून त्यांच्या शेजारी कुणी बसत नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार.

"म्याडम, ह्येच्यात माणूस न्हाय बरं का," ते पिशवी टेबलावर ठेवत म्हणाले. "म्हस हाय."

"म्हैस?"

"म्हशीचं पोटातलं. चंद्री नाव हुतं तिचं. आन ह्यो डबा हाय सोनाराचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गावात बंडू आप्पा म्हणून शेतकरी आणि त्याच्या घराला लागून दत्तोबा पोतदार सोनाराचं दुकान. दोघं लहानपणापासूनचे सोबती. पण दिवसा आप्पाची म्हैस बांधायची जागा नेमकी दुकानाच्या दारात. शेण, माशा, गिऱ्हाइकांच्या धोतरावर शेपटीचे फटकारे. कुरबूर चालायचीच. एक दिवस चिडून पोतदार चार माणसांत म्हणाले, "ह्या म्हशीचा एकदा बंदोबस्तच करतो बघ." आणि पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी आप्पांना म्हैस गोठ्यात मरून पडलेली दिसली. तोंडाला फेस. अंगावर जखम नाही. जनावरांच्या डॉक्टरनं पोट उघडलं आणि विषाचा संशय लिहिला. पोलीस सोनाराकडे गेले तर त्यानं स्वतःच फळीवरचा डबा काढून दिला. दागिन्याला मुलामा द्यायला लागतं म्हणून सायनाईड ठेवलंय, म्हणाला.

"जामीन झालाय त्येला," हवालदार म्हणाले. "पण दुकान बंद पडलंय. इख घालणाऱ्याच्या हातात सोनं कोण देतंय? पोरीचं लगीन ठरलंय, ते पाव्हणं बी जरा मागं सरल्यात."

सायनाईडचा संशय असला की पार्सल रांगेत ठेवत नाहीत, कारण ते उडून जातं. हिरेमठ सरांनी लगेच काम माझ्यावर सोपवलं. माझं स्वतःचं असं ते पहिलंच प्रकरण.

त्या तपासणीला पिवळे कागद लागतात. गाळणकागद पिक्रिक आम्लात बुडवायचा, वाळवायचा, मग सोड्याच्या पाण्यातून काढून त्याच्या बोटभर पट्ट्या कापायच्या. बाटलीत नमुना ठेवून वर बुचाला ही पट्टी टांगायची. सायनाईड असेल तर पिवळी पट्टी हळूहळू विटकरी लाल होते. मी उत्साहाच्या भरात भांडं कलंडवलं. तोच तो फरशीवरचा डाग. बोटंसुद्धा चार-पाच दिवस पिवळी राहिली. घरी आईनं माझा हात धरून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "हळद कुठं लागली गं? कुणाच्या लग्नाला गेली होतीस?" माझ्या लग्नाची तिला घाई होती. मी म्हटलं, "एका म्हशीच्या." ती दोन दिवस बोलली नाही.

पोतदारांच्या डब्यातली चिमूटभर पूड पहिल्या बाटलीत. पट्टी पाहता पाहता लाल झाली. म्हशीच्या पोटातलं दुसऱ्या बाटलीत. तासाभरात तीही लाल. मी घड्याळाकडे पाहिलं, वहीत लिहिलं आणि मला वाटलं, झालं. धमकी आहे, डबा आहे, पोटात तेच आहे. आणखी काय पाहिजे? एका माणसाचं काय होणार आहे, ह्याचा विचार माझ्या मनात आला नाही, हे मी आज कबूल करते. मला आनंद झाला होता, गणित सुटल्यावर होतो तसा. मी अहवालाचा कच्चा मसुदा टाइप करायला देणार एवढ्यात अण्णा बाटली धुवायला घ्यायला आले. थांबले. झाकण किंचित हलवून त्यांनी हातानं वारा घेतला.

"बाई, तुमाला वास येतोय काय?"

"कसला?"

"कडू बदामाचा म्हणत्यात बघा त्यो."

मला काहीच येत नव्हतं. कितीतरी माणसांना तो वास मुळीच येत नाही, जन्मापासूनच, हे पुस्तकात होतं. त्या दिवशी कळलं की त्यांतली मी एक. जगातले सगळे वास जपून ठेवणारी मी, आणि आमच्या धंद्यातला सगळ्यात प्रसिद्ध वास मला नाही!

अण्णा मात्र वासावर थांबले नव्हते. त्यांनी चिमट्यानं त्या लगद्यातला हिरवा तुकडा उचलला, पाण्याखाली धरला, उजेडात फिरवून पाहिला.

"ह्यो जोंधळा हाय."

"म्हशीनं वैरण खाल्ली असेल, अण्णा."

"वैरण वाळकी असतीया बाई. ह्यो कवळा पाला हाय. कापल्याल्या जोंधळ्याच्या बुडक्याला फुटवं येत्यात न्हवं, त्यो. पावसानं ताण दिला की त्येच्यात किरळ भरतीया. आमी जनावरं सोडत न्हाय तसल्या रानात. माझ्या चुलत्याचा बैल असाच गेलता. असाच फेस आलता तोंडाला."

किरळ हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पण पुस्तकाचं एक पान मला आठवलं, परीक्षेसाठी पाठ करून विसरलेलं. कोवळ्या ज्वारीच्या पानात एक पदार्थ असतो. पान चुरडलं, चावलं की त्यातून सायनाईड मोकळं होतं. अण्णा ज्याला किरळ म्हणत होते, तेच माझ्या पुस्तकात भल्यामोठ्या इंग्रजी नावानं पडून होतं.

मसुदा माझ्या हातात होता, आणि त्यात ज्वारीचा उल्लेखही नव्हता.

मी तशीच हिरेमठ सरांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अण्णांना बोलावलं, खुर्चीवर बसायला सांगितलं आणि पुन्हा सगळं त्यांच्या तोंडून ऐकलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "अम्मा, पट्टी लाल झाली म्हणजे तुझं काम संपलं नाही. पट्टी का लाल झाली, ते काम."

आम्ही ठाण्याला पत्र पाठवलं. त्या गोठ्यामागच्या रानात ज्वारी असेल तर तिचे ताजे फुटवे, मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून ताबडतोब पाठवावेत. दुसऱ्या दिवशी दुपारी नाईक हवालदार हजर. काखेत हिरवी पेंढी.

"म्याडम, पोलिसात अठ्ठावीस वर्स झाली. वैरण कधी आणली नव्हती. बसमधी एक म्हातारी इचारती, जमादार, म्हस किती दूद देतीया?"

आम्ही सगळे इतके हसलो की शेजारच्या खोलीतले रक्ताचे डाग तपासणारे लोक येऊन पाहून गेले.

मी पाला खुडला, बारीक केला, वर एक थेंब औषध टाकलं, पट्टी टांगली. आणि आम्ही सगळे त्या एवढ्याशा बाटलीभोवती उभे राहिलो. मी, हिरेमठ सर, अण्णा, हवालदार. पट्टीची कड आधी नारिंगी झाली. मग तांबूस. मग भाजक्या विटेसारखी लाल. खिडकीतून ऊन येत होतं आणि ती पट्टी त्यात अशी काही दिसत होती, की कुंकवाची चिरीच.

"आयला," हवालदार हळूच म्हणाले. "आन आमी सोनाराला धरलं."

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. पाल्यात विष असतं, एवढंच ठरलं. म्हैस त्यानंच मेली, का डब्यातल्या पुडीनं? मी तीन दिवस तेच करत बसले. म्हशीच्या पोटातले पानांचे तुकडे एकेक करून वेचले. ते वाहत्या पाण्यात पुनःपुन्हा धुतले, धुतलेल्या पाण्यात काही येईना इतके. मग ते चुरडले. पट्टी लाल. म्हणजे विष पानावर नव्हतं, पानाच्या आत होतं. बाहेरून कुणी पूड टाकली तर ती पानाच्या आत जाऊन बसत नाही. पट्टीचा रंग किती गडद, त्यावरून ते किती होतं हेही मोजलं. एकेका तुकड्याला मी हे विचारत गेले आणि एकेक तुकडा तेच सांगत गेला. असा स्वच्छ आनंद मला फार कमी वेळा झालाय. जेवणाच्या सुट्टीतही मी पायरीवर जात नव्हते. अण्णा बाहेरून हाक मारायचे, "बाई, शेंगा संपल्या बरं का!"

अहवाल गेला. मला वाटलं, आता प्रकरण मिटलं. पण ठाण्याच्या साहेबांचं म्हणणं पडलं, डबा आहे, धमकीचे साक्षीदार आहेत, तर काय ते कोर्टच ठरवू दे. खटला उभा राहिला. पुढचं मला हवालदारांकडून कळत गेलं, दुसऱ्या कामांची पार्सलं घेऊन ते यायचे तेव्हा. बंडू आप्पांनी अहवालाबद्दल ऐकलं आणि ते सोनाराच्या दारात गेले. म्हणाले, "दत्तू, मिटवूया. मी तक्रार मागं घेतो. वकील म्हणाला, तडजोड हुतीया."

पोतदारांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, "मी केलं असतं तर तडजोड केली असती. तुज्या माफीवर मी दुकान उघडणार न्हाय. जज्जानं सांगू दे, दत्तोबानं इख घातलं न्हाय म्हणून. मग बोलू."

"लई ताठ मानूस," हवालदार म्हणाले. पण त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

म्हणून मला निपाणीच्या कोर्टाचा समन्स आला. तेव्हा साक्षीला स्वतः जावं लागायचं. आता मी खोलीत बसून पडद्यासमोर साक्ष देते. दहा मिनिटांत सुटते. आणि प्रत्येक वेळी मला ती पहिली एसटी आठवते.

आईनं सकाळी उठून दशम्या बांधून दिल्या, मी परदेशी निघाल्यासारख्या. अण्णा रजा टाकून बरोबर आले. "तुमी पयल्यांदाच चाललाय, एकट्या कशाला?" म्हणाले, पण खरं म्हणजे त्यांना ऐकायचं होतं. हायवेला लागल्यावर दोन्ही बाजूंनी रानं पळत होती आणि अण्णा खिडकीतून बोट दाखवत मला शिकवत होते. हा शाळू, हा ऊस, ही तंबाखूची लावण. निपाणी जवळ आली तसा तो तिखट, दाट वास सुरू झाला. वखारींतून, पोत्यांतून, बायकांच्या पदरांतून येणारा तंबाखूचा वास. अण्णा म्हणाले, "ह्यो तरी येतोय न्हवं तुमाला?" मला शिंकांवर शिंका येत होत्या. "येतोय!" मी म्हणाले, आणि आमच्या पुढच्या बाकावरची बाईसुद्धा हसली.

कोर्टात मी दत्तोबा पोतदारांना पहिल्यांदा पाहिलं. बारीक अंगकाठी, धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. बोटं लांब आणि निमुळती. ती बोटं ते सारखी एकमेकांत गुंफत होते आणि सोडवत होते. हाताला काम नसलेल्या कारागिराची ती बोटं मला पाहवेनात. मागच्या बाकावर बंडू आप्पा, त्यांची बायको पारूआक्का आणि त्यांचा मुलगा सागर. तो कागलच्या एका कारखान्यात कामाला होता.

सरकारी वकिलांनी विचारलं, "म्हशीच्या पोटात सायनाईड मिळालं?"

"हो."

"आरोपीच्या डब्यात?"

"हो."

पोतदारांची मान खाली गेली. मग त्यांचे वकील उठले. वयस्कर, कोटाची कोपरं विरलेली. त्यांनी सावकाश विचारलं, "आणि बाई, आप्पांच्या रानातल्या ज्वारीत?"

"त्यातही होतं."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "ज्वारीत सायनाईड? आपण भाकरी खातो त्या?"

"दाण्यात नाही, साहेब. कोवळ्या फुटव्यात. पावसाचा ताण पडला की." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किरळ म्हणतात त्याला."

बाहेरच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या लोकांत एकदम कुजबुज झाली. "व्हय व्हय, किरळच!" त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांना हे माझ्या आधीपासून माहीत होतं. फक्त ती म्हैस रात्रभर गोठ्यात बांधलेली होती, अशीच सगळ्यांची समजूत होती.

मग मी धुतलेल्या तुकड्यांचं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, "मग बाहेरून कुणी काही घातलंच नाही, असं तुम्ही म्हणता?"

इथं मला "हो" म्हणावंसं फार वाटत होतं. पोतदारांची ती बोटं माझ्यासमोर होती. पण हिरेमठ सरांनी निघताना बजावलं होतं, जेवढं पाहिलंस तेवढंच सांग. "तसं मी म्हणू शकत नाही, साहेब. मी एवढंच म्हणते, पानांच्या आत जे होतं तेवढंच म्हैस मरायला पुरेसं होतं. आणि ते पानाच्या आत कुणी घालू शकत नाही."

माझ्यानंतर सागरला बोलावलं. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि आधी वडिलांकडे पाहिलं, मग सोनाराकडे.

"पहाटं पयल्या शिफ्टला निघालो, तवा चंद्री दावं तोडून परड्यात आलती. रानातनं. तोंडात हिरवा पाला हुता. मी तिला परत बांधली आन बस गाठली. सांजंला आलो तर पोलीस येऊन गेलते, दत्तोबाकाकांच्या हातात बेडी घातली म्हणून समद्या गावात बोभाटा. मला भ्या वाटलं. मी बोललो न्हाय." तो सोनाराकडे वळला. "चूक माजी हाय. दत्तोबाकाकांची न्हाय."

पोतदारांची बोटं थांबली होती. पहिल्यांदाच.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. लॅबच्या फोनवर हवालदारांचा आवाज, मागं बसस्टँडचा गोंगाट. "म्याडम, निर्दोष! जज्जांनी वाचून दावलं, 'आरोपीने विष घातले नाही.' पोतदारांनी ते वाक्य त्यास्नी दोनदा वाचायला लावलं!" मी फोन ठेवला आणि खोलीभर नाचले. आता तिथं ज्या मुली नाचतात, त्यांच्याइतकी चांगली नव्हे, पण नाचले. हिरेमठ सर दारात उभे होते. अण्णांना त्यांनी मिठाईच्या दुकानातून कुंदा आणायला पाठवलं, आणि त्या दिवशी पायरीवर शेंगांऐवजी कुंदा होता.

पुढच्या रविवारी अण्णा म्हणाले, "बाई, चला की. बघून यिऊ." साक्षीदारानं असं जावं का, मला कळेना. हिरेमठ सर म्हणाले, "केस संपली. आता तू माणूस आहेस. फक्त काही घेऊ नको." मग आम्ही गेलो.

गाव हायवेपासून आत. पाऊस पुन्हा सुरू होऊन गेला होता, रानं हिरवीगार. सोनाराच्या दुकानाच्या फळ्या नुकत्याच काढल्या होत्या आणि त्यांची लेक आत झाडू मारत होती. तिच्या लग्नाची तारीख पुन्हा धरली होती, त्यामुळे झाडूसुद्धा घाईत चालला होता. पोतदारांनी मला पाहिलं, हात जोडले आणि तसेच उभे राहिले. अण्णांनी त्यांना म्हशीच्या वैरणीबद्दल विचारून सोडवलं. सोनाराला वैरणीतलं काय कळतंय? तरी दोघं बराच वेळ तेच बोलत राहिले.

मग शेजारच्या घरातून बंडू आप्पा आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. पोतदारांनी पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. तेवढ्यात आप्पांच्या मागून पारूआक्का पुढं झाली. तिनं पदर बाजूला केला आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून पुढं धरलं. त्यातल्या दोन वाट्यांच्या मधला दुवा तुटलेला होता आणि तिथं काळ्या दोऱ्याच्या गाठी मारलेल्या होत्या. एकावर एक, कितीतरी.

"भावजी, म्हस गेली त्येच आठवड्यात तुटलं ह्ये," ती म्हणाली. "तवापास्नं दोऱ्यावर चालवतीया. निपाणीत सोनार काय कमी हायती? पण ह्ये तुमीच घडवलंय. दुसऱ्या कुनाच्या हातात दिऊ वाटंना."

पोतदारांनी ते हातात घेतलं. गाठी मोजल्यासारख्या बोटानं चाचपल्या. मग एकदम वळले, चटईवर बसले, शेगडीत कोळसे पेटवले, दिवा लावला आणि सोनं जोडायच्या टाकणखाराची डबी पुढं ओढली. आप्पा उंबरा ओलांडून आत आले आणि नेहमीच्या जागी बसावं तसे भिंतीला टेकून बसले.

बारीक सांधा जोडायचा तर सोनाराला फुंकणीतून सरळ, न थांबता फुंकावं लागतं. त्यासाठी ओठ घट्ट आवळावे लागतात. पोतदारांनी फुंकणी तोंडाला लावली. ज्योत एकदा वाकली आणि सरळ झाली. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ज्योत विझलीच.

"काय रं दत्त्या, इसरलास काय काम?" आप्पांनी विचारलं.

"इसरलो न्हाय रं," पोतदार फुंकणी खाली ठेवून म्हणाले. "त्वांड मिटंना."

ते हसत होते. हसू आलं की ओठ आवळता येत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. त्यांची लेक झाडू टाकून आली आणि तिनं दिवा पुन्हा लावून दिला.